गिरणीचा भोंगा, संप आणि आपलं राजकारण



वस्तीतल्या अभ्यासवर्गात एका तरुणाने मला विचारलं, "ताई, कामगारांचा प्रश्न लाल बावटेवाल्यांचा. आपला प्रश्न जातीचा. मग आपण त्यात कशाला पडायचं?" विचारणारा स्वतः कंत्राटदाराकडे सफाईचं काम करतो. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात आहे.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणीसाठी कंपनी काढली. पुढच्या काही दशकांत परळ-लालबागचा परिसर गिरण्यांनी भरून गेला. कोकणातून, देशावरून भूमिहीन आणि कुळं पोटासाठी आली. त्यात आपल्या समाजाची माणसंही होती. गावोगाव विखुरलेली माणसं एका भोंग्यावर, एका फाटकातून कामावर जाऊ लागली. भांडवलदाराने त्यांना नफ्यासाठी एकत्र आणलं, पण एकत्र आल्यामुळेच त्यांची ताकद तयार झाली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना संघटित केलं आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. वकील-व्यापाऱ्यांच्या दिवाणखान्यातलं राजकारण असं गिरणीच्या फाटकावर आलं.

पण जात फाटकाबाहेर थांबली नाही. विणकाम खात्यात पगार जास्त होता, तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याने सवर्ण कामगारांना विटाळ होई! अस्पृश्य कामगार कमी पगाराच्या सूतखात्यात अडकले. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर लावून धरला. मालकाविरुद्ध एकजूट हवी, पण कामगारांमधल्या विषमतेवर गप्प राहून ती होणार नाही, ही त्यांची भूमिका होती.

याच अनुभवाच्या पार्श्वभूमीवर १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष उभा राहिला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचं स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षी मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने संपाच्या हक्कावर बंधनं घालणारं औद्योगिक कलह विधेयक आणलं. बाबासाहेबांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कम्युनिस्टांसोबत एक दिवसाचा संप घडवून आणला. मतभेद होते, तरी प्रश्नावर एकत्र येता आलं.

१९४२ मध्ये अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. म्हणून बाबासाहेबांनी कामगार सोडला असं नाही. त्याच वर्षी ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. विस्मरण आपल्याला झालं.

जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, जमिनींवर टॉवर आणि मॉल आले. भांडवल संपलं नाही, त्याने रूप बदललं. पूर्वी एका फाटकात हजारो कामगार असत. आज एकाच कार्यालयात झाडणारा, पहारा देणारा आणि पार्सल पोचवणारा तिघेही वेगवेगळ्या कंत्राटदारांचे असतात. मालक कोण हेच कळत नाही, तर मागणी कोणाकडे करायची? संख्या तीच असूनही ताकद विखुरली. ती विखुरली की राजकारणात उरतात फक्त बॅनर, डीजे आणि निवडणुकीपुरते येणारे नेते.

गटारात उतरणारे हात आजही बहुतेक कोणत्या जातींचे आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. विणकाम खात्याचं दार तेव्हा विटाळाने बंद होतं. आज कायम नोकरीचं दार कंत्राटाने बंद होतं. संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत सर्वच औद्योगिक आस्थापनांत संपाआधी नोटीस सक्तीची केली आहे. १९३८ चा लढा आठवून ती संहिता वाचा.

आपल्या विहारातल्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. वस्तीतले किती जण कंत्राटावर आहेत, त्यांना किमान वेतन मिळतं का, त्यांचा पीएफ भरला जातो का, याची यादी करा. मत मागायला येणाऱ्याच्या हातात ती यादी द्या. त्या तरुणाने आपल्या गल्लीपासून सुरुवात केली आहे.