पाळण्यातून परदेशी

माहिती तंत्रज्ञानाच्या उद्योगामुळे बंगळूरुत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना एक प्रसंग आता परिचयाचा झाला आहे. बाळ चार-पाच महिन्यांचे होते न होते तोच वडिलांची परदेशी नेमणूक निघते. ते पुढे जातात, आई व बाळ मागाहून निघायचे असतात. दुपटी, झबली, गुटीचे सामान यांची यादी आजी त्याच दिवशी करते. कागदपत्रांची यादी मात्र बहुधा उशिराच सुरू होते.

वास्तविक ती बारशापासूनच सुरू व्हावी. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते आणि रुग्णालयाकडून गेलेल्या नोंदीत पुष्कळदा बाळाचे नावच नसते. ते नंतर घालता येते, नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क. परंतु १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो. तेव्हा त्यावरील प्रत्येक अक्षर महत्त्वाचे. कर्नाटकात आडनावाऐवजी आद्याक्षर लावण्याची रीत रूढ आहे. मराठी पालकांनी दाखल्यावर आडनाव पूर्ण लिहिले गेले आहे ना, हे पाहावे. इंग्रजी वर्णलेखनही आधी ठरवावे. इंग्रजी तीन अक्षरांत लिहिलेली ‘सई’ बंगळूरुत हमखास ‘साई’ म्हणून वाचली जाते! दाखला, पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट या चारही ठिकाणी नाव एकच हवे.

पासपोर्टसाठी आई व वडील दोघांच्या सहीचे ‘परिशिष्ट डी’ लागते. खरी अडचण येते ती इथेच. वडील आधीच परदेशी गेले असतील, तर त्यांना तेथील भारतीय दूतावासातून साक्षांकित प्रतिज्ञापत्र पाठवावे लागते आणि त्यात दिवस जातात. म्हणून शक्यतो वडिलांच्या प्रस्थानापूर्वीच अर्ज करावा. लालबाग रस्ता आणि मराठहळ्ळी येथील पासपोर्ट सेवा केंद्रांत मोठ्यांचे छायाचित्र तेथेच घेतले जाते; चार वर्षांखालील मुलाचे मात्र पालकांनी आणावयाचे असते. पांढऱ्या चादरीवर निजवून, डोळे उघडे असतानाच ते टिपणे ही एक तपश्चर्याच होय.

पैशांचे काम त्या मानाने सोपे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार निवासी भारतीयास एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता वा नेता येते. ही सवलत अज्ञान मुलासही आहे; अर्जावर नैसर्गिक पालकाची सही लागते. प्रवास विम्यात बाळाचे नाव आहे ना, हेही पडताळावे.

बालरोगतज्ज्ञांची भेट किमान महिनाभर आधी घ्यावी. गोवराची लस एरवी नवव्या महिन्यात दिली जाते. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला प्रवासापूर्वी ती लवकर द्यावी काय, हे त्यांना अवश्य विचारावे. दोन वर्षांखालील मूल मांडीवर बसून जाऊ शकते. मात्र मुक्कामात दुसरा वाढदिवस येत असेल, तर परतीच्या प्रवासात स्वतंत्र आसन घ्यावे लागते. विमानातील पाळणे मोजकेच असल्याने आरक्षण करतानाच मागणी नोंदवावी व वजनाची मर्यादा विचारून घ्यावी.

युरोपकडे जाणारी कित्येक विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. जयनगरासारख्या दक्षिणेकडील भागातून देवनहळ्ळीचा विमानतळ दूर. म्हणजे नेमके बाळाच्या झोपेच्या वेळी घर सोडावे लागते. दुधाची एखादी वेळ राखून ठेवावी, ती विमान खाली उतरू लागेल तेव्हासाठी. दूध गिळताना बाळाच्या कानांवरचा दाब सैल होतो.