छत्रीखालची बँक

घाना म्हटले की आपल्याकडे कुणाला कोको आठवतो, कुणाला फुटबॉल, तर कुणाला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा, महाराष्ट्राहून आकाराने लहान असलेला हा देश १९५७ साली स्वतंत्र झाला. मी कवी माणूस. यंत्राआधी यंत्र हाताळणाऱ्या माणसाकडे माझे लक्ष जाते. घानातल्या टेलिफोनची गोष्ट मला सांगावीशी वाटते ती म्हणूनच.

१९९०च्या सुमारास घानात शंभर माणसांमागे एकही टेलिफोन नव्हता. आपल्याकडेही तेव्हा फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, तेव्हा ही अडचण आपल्याला समजावून सांगायला नको. पण १९९२ साली घानात मोबाइल सेवा सुरू झाली. आपल्या देशात ती आली १९९५ साली, म्हणजे घानानंतर तीन वर्षांनी! त्याच १९९५च्या सुमारास नी क्वेनॉर या संगणकशास्त्रज्ञाच्या प्रयत्नांतून घाना इंटरनेटला जोडला गेला. अमेरिकेत शिकलेला हा माणूस मायदेशी परतला आणि केप कोस्टच्या विद्यापीठात त्याने संगणकशास्त्राचा विभाग उभा केला.

यंत्रे विकत आणता येतात. ती चालवणारी माणसे मात्र घडवावी लागतात. या कामात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. राजधानी अक्रा येथे २००३ साली भारत सरकारच्या मदतीने माहिती तंत्रज्ञानाचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. ते उभारण्याची जबाबदारी पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ने पार पाडली. केंद्राला नाव दिले कोफी अन्नान यांचे.

सुरुवातीचे मोबाइल श्रीमंतांचे होते. पुढे कंपन्यांत स्पर्धा वाढली, आगाऊ पैसे भरायची कार्डे आली आणि फोन बाजारातल्या भाजीवालीच्या हातात पोचला. बोलायला पैसे पुरत नसत, तेव्हा एक घंटी देऊन फोन तोडायचा. तिथे याला ‘फ्लॅशिंग’ म्हणतात, आपण ‘मिस्ड कॉल’ म्हणतो. गरिबाची युक्ती सगळीकडे सारखीच.

घानातले बाजार बहुतांशी बायका चालवतात. त्यांची बचत ठेवण्याची जुनी रीत आहे, तिला ‘सुसू’ म्हणतात. सुसूवाला रोज दुकानोदुकानी फिरून ठरलेली रक्कम गोळा करतो आणि महिनाअखेर परत देतो. एका दिवसाची रक्कम त्याची मजुरी. आपल्या पतसंस्थांचा पिग्मी एजंट आठवावा. फरक एवढाच, की सुसूवाल्यामागे पुष्कळदा संस्था नसते. तो पळाला तर महिन्याची कमाई गेली.

२००९ साली तिथे ‘मोबाइल मनी’ आले. रस्त्याकडेला छत्री लावून एजंट बसतो. त्याच्याकडे रोख पैसे द्यायचे, तेवढी रक्कम आपल्या फोनच्या खात्यात जमा होते. मग गुप्त आकडा दाबून ती गावाकडे आईला पाठवायची. आई तिथल्या छत्रीखालून रोख पैसे घेते. बँकेत खाते लागत नाही, इंटरनेट लागत नाही, साधा बटणांचा फोन पुरतो. फोनमध्ये जेवढे पैसे दिसतात तेवढीच खरी रक्कम कंपनीने बँकेत ठेवलीच पाहिजे, असा देशाच्या मध्यवर्ती बँकेचा नियम आहे. सुसूवाल्याच्या शब्दाला जो आधार नव्हता, तो इथे नियमाने दिला. २०१८ साली एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर थेट पैसे पाठवण्याची सोय झाली, तेव्हा तर ही सवय घरोघरी रुजली.

मग सरकारचे लक्ष तिकडे गेले. मे २०२२मध्ये अशा व्यवहारांवर दीड टक्का कर लागला. दिवसाला शंभर सेडी, म्हणजे तिथल्या शंभर रुपयांपर्यंत माफी होती. पण घाऊक माल आणणाऱ्या बाईला ती कुठली पुरणार? संसदेत त्यावरून हातघाईही झाली होती. लोकांनी मोर्चे काढलेच, शिवाय पुष्कळांनी मुकाट्याने पुन्हा रोखीचा रस्ता धरला. सरकारच्या अंदाजाच्या मानाने फारच थोडा पैसा तिजोरीत आला. २०२३ साली कर एक टक्क्यावर आणला आणि २०२५मध्ये नव्या सरकारने तो रद्दच केला.

दुसरा धडा समुद्राने दिला. घानाचे इंटरनेट मुख्यत्वे समुद्रतळावरच्या तारांतून येते. १४ मार्च २०२४ रोजी शेजारच्या आयव्हरी कोस्टजवळ अशा चार तारा एकाच वेळी निकामी झाल्या. घानासह अनेक देशांत बँकांपासून कचेऱ्यांपर्यंत कामे खोळंबली. दुरुस्तीला काही आठवडे लागले. तारा वेगवेगळ्या असल्या तरी त्या एकाच ठिकाणी जवळजवळ टाकल्या, तर एका धक्क्यात साऱ्याच जाऊ शकतात.

फोनमधून पैसे जातात असे आपण म्हणतो. खरे तर जातो तो भरवसा. आज आपल्याकडेही चहाच्या टपरीवर चौकोनी चित्र टांगलेले असते आणि आपण ते बघून दहा रुपये देतो. घानातल्या बाजारात बसणाऱ्या बायकांनी हा भरवसा रोजच्या कमाईतून, पैसापैसा करून उभा केला. तो तोडायला मात्र एक कर पुरे झाला. तंत्रज्ञानाच्या योजना आखणाऱ्यांनी कुठल्याही देशात एवढे ध्यानात ठेवावे.