परक्या रस्त्यावरचा राग

अनोळखी मुलखात गाडी चालवणारा माणूस आणि त्या मुलखातला रोजचा चालक यांच्यात रस्त्यावर खटके उडतात, हा अनुभव जगभरचा आहे. दुबईत नोकरीला गेलेला सोलापूरकर, न्यूझीलंडमध्ये भाड्याची गाडी घेऊन फिरणारा पर्यटक, दोन दिवसांच्या सुटीसाठी गोव्यात उतरलेला पुणेकर, कार्तिकीला पंढरपूरकडे निघालेला कलबुर्गीचा जीपवाला, यांतल्या कोणाच्याही वाट्याला तो येऊ शकतो. 'कट मारला', 'साइड दिली नाही', 'डिपर का मारला' अशा कारणावरून वाद सुरू होतो. मग शिवीगाळ होते, गाडी आडवी घातली जाते, आणि प्रसंगी हात उगारला जातो. माणूस तापट असतो म्हणून हे घडते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तापट माणसे सगळीकडे असतातच. पण परक्याशी होणाऱ्या भांडणाचे मूळ बहुधा दुसरीकडे असते. दोघेही आपापल्या गावच्या रीतीप्रमाणे बरोबर वागत असतात आणि समोरचा मुद्दाम खोडी काढतो आहे, असे दोघांनाही वाटत असते.

कोणत्याही रस्त्यावर दोन प्रकारचे नियम चालतात. लिखित नियम कायद्याच्या पुस्तकात सापडतात. भारतात त्यासाठी १९८८ चा मोटार वाहन कायदा आहे आणि गाडी कशी चालवावी हे सांगणारे २०१७ चे विनियम आहेत. अलिखित नियम मात्र माणूस वडिलांच्या मोटारसायकलवर मागे बसून किंवा ट्रकच्या केबिनमध्ये किन्नर म्हणून उमेदवारी करताना शिकतो. ते कोणी शिकवत नाही, त्यामुळे ते केवळ आपल्याकडचे आहेत हेही कोणाच्या लक्षात येत नाही.

हॉर्नचेच पाहावे. महाराष्ट्रातल्या दुपदरी रस्त्यावर पुढच्या गाडीला ओलांडताना हॉर्न देणे ही सभ्यता समजली जाते. 'मी बाजूने येतो आहे, सांभाळ' एवढाच त्याचा अर्थ असतो. ट्रकच्या पाठीवर हॉर्न वाजवण्याची विनंती रंगवण्याची प्रथा त्यातूनच आली. २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तालयाने व्यावसायिक वाहनांवर ती अक्षरे लिहिण्यास मनाई केली, पण सवय अक्षरांबरोबर पुसली गेली नाही. ब्रिटन, जर्मनी किंवा अमेरिकेत हॉर्न धोक्याच्या क्षणासाठी राखून ठेवलेला असतो. एरवी तो वाजला, तर ऐकणाऱ्याला तो अंगावर ओरडल्यासारखा वाटतो. ब्रिटनच्या वाहतूक संहितेप्रमाणे उभ्या गाडीतून हॉर्न वाजवता येत नाही आणि वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात या वेळेत तो वर्ज्य आहे.

दिव्यांचा घोटाळा याहून मोठा आणि जास्त जीवघेणा आहे. भारतात समोरून येणाऱ्या गाडीने डिपर मारला की अर्थ होतो, 'मी येतो आहे, तू थांब.' ब्रिटनच्या रस्त्यावर तीच खूण बहुतेक चालक 'तुम्ही या, मी थांबतो' या अर्थाने करतात. वास्तविक तिथल्या संहितेतही दिवे फक्त आपले अस्तित्व कळवण्यासाठी चमकवावेत असेच म्हटले आहे, म्हणजे तिथेही पुस्तक आणि रीत यांची फारकत आहेच. लंडनला नव्याने गेलेला मराठी माणूस अशा वेळी थांबून राहतो आणि त्याच्यासाठी थांबलेला इंग्रज चालक वैतागतो. भारतात आलेला इंग्रज मात्र याच गैरसमजातून गाडी पुढे घालतो आणि थेट ट्रकसमोर येतो.

वेगवेगळ्या रीती एकाच रस्त्यावर आल्या की काय होते, हे पाहायला परदेशी जाण्याची गरज नाही. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातले कुर्डुवाडी हे जुने रेल्वे जंक्शन आहे. बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी १८९७ मध्ये इथून बार्शीकडे धावू लागली आणि १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली. पुढे कित्येक वर्षे मराठवाड्यातला वारकरी याच गाडीने विठ्ठलाकडे जात असे. त्या प्रवासात गाडी हाकणारा रेल्वेचा माणूस असे आणि वाटेवर दुसरा चालक नसे. आता लातूर, धाराशिव, बार्शीकडची वाहने याच गावावरून टेंभुर्णीला जाऊन पुणे–सोलापूर महामार्ग गाठतात. आषाढी-कार्तिकीला तर दिंड्या, जीपगाड्या, एसटी आणि खासगी बस यांनी परिसरातले रस्ते भरून जातात. एमएच २४, एमएच २५, केए २८, केए ३२ अशा पाट्या एकामागे एक दिसतात.

त्यातच गळीत हंगाम येतो. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर कारखान्यांकडे रांग लावतात. स्थानिक माणसाला ठाऊक असते की या ट्रॅक्टरला पटकन ब्रेक लागत नाही, मागच्या गाडीचा हॉर्न चालकाच्या कानावर जात नाही आणि साइडपट्टीवर उतरला तर ट्रॉली कलंडते. म्हणून तो गुमान मागे राहतो आणि मोकळा पट्टा मिळाला की निघून जातो. बाहेरगावच्या मोटारीतला माणूस तीन-चारदा हॉर्न देतो, मग त्याला वाटते की हा ट्रॅक्टरवाला दादागिरी करतो आहे. पुढच्या चौकात तो काच खाली करून बोलतो आणि ट्रॅक्टरवालाही उतरतो. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशी ट्रॉली रात्री रस्त्यावर आणणे ही स्थानिक रीत म्हणून खपवून घेण्यासारखी बाब नाही. जवळचा फाटा गाठण्यासाठी राँग साइडने येणेही त्यातच मोडते. बाहेरच्याने समजून घ्यावे ही अपेक्षा रास्त आहे, पण त्यासाठी त्याने जीव धोक्यात घालावा ही अपेक्षा रास्त नाही.

चालकांच्या रागाचा शास्त्रीय अभ्यास गेल्या काही दशकांतला आहे. १९८७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या द्रुतगती मार्गांवर गोळीबाराच्या घटना लागोपाठ घडल्या आणि या प्रश्नाकडे सर्वांचे लक्ष गेले. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेरी डेफेनबाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये चालकाचा राग मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली. ती पुढे अनेक देशांत वापरली गेली. पण परक्या चालकावरच्या रागाचा उलगडा होण्यासाठी त्याआधीचे काम जास्त उपयोगी पडते. ली रॉस यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की दुसऱ्याच्या चुकीचे कारण माणूस त्याच्या परिस्थितीत शोधत नाही, स्वभावात शोधतो. दोन वर्षांनी थॉमस पेटिग्रू यांनी हाच विचार समूहांना लावला. आपल्या माणसाची चूक ही तेवढ्यापुरती चूक ठरते, परक्याची चूक त्याच्या साऱ्या जमातीच्या माथी मारली जाते.

रस्त्यावर हे फार वेगाने घडते, कारण तिथे माणसाचा चेहरा दिसत नाही. रांगेत धक्का लागला तर नजरानजर होते, 'माफ करा' म्हणता येते. गाडीच्या काचेआड माफी मागायची सोय नाही. समोरच्याबद्दल कळते ते फक्त त्याच्या पाटीवरून. बार्शीच्या गाडीने कट मारला तर 'कोण रे हा' असे म्हटले जाते, परराज्यातल्या गाडीने मारला तर 'हे लोक असेच' हे वाक्य तोंडात तयार असते. खुन्नस एका माणसावरून सरकून पाटीवर बसते ती इथे.

आणि ती पाटीवर बसली की चालवण्यातल्या चुकीचीही गरज उरत नाही. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर हे वारंवार दिसले आहे. ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, तर पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ कर्नाटकच्या बसमध्ये तिकिटावरून बोलाचाली झाली, तिला मराठी-कन्नडचे वळण लागले आणि वाहकाला मारहाण झाली. लगोलग चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राची एसटी अडवून चालकाच्या तोंडाला काळे फासण्यात आले. परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २२ फेब्रुवारीला कर्नाटकात जाणारी एसटी सेवा थांबवण्याचे आदेश दिले. बेंगळुरूत १२ सप्टेंबर २०१६ रोजी कावेरीच्या पाण्यावरून तमिळनाडूच्या बसगाड्या जाळल्या गेल्या, त्याही केवळ पाटी पाहून. या सर्व घटनांत मार खाणारा माणूस नेमून दिलेली ड्यूटी करत होता, हे विसरता कामा नये.

गोव्यात पाटी आणखी एक गोष्ट सांगते. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या मोटारीवर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात, म्हणजे पर्यटक दुरूनच ओळखू येतो. कळंगुट-बागा भागातल्या अरुंद रस्त्यांवर, घराच्या दारात गाडी लावण्यावरून किंवा समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत मोटार घालण्यावरून त्याच्याशी खटके उडतात. भरधाव वेग आणि दारू या तक्रारी खऱ्या आहेत. पण गाव आपले राहिले नाही ही खंतही त्या रागात मिसळलेली असते, आणि ती काढायला काळ्या पाटीची गाडी आयती समोर येते.

न्यूझीलंडमध्ये २०१५ च्या सुमारास हाच राग वेगळ्या मार्गाने बाहेर पडला. दक्षिण बेटावर चुकीच्या बाजूने किंवा रेंगाळत चालणाऱ्या पर्यटकांना गाठून स्थानिकांनी त्यांच्या गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या. पोलिसांना बजावावे लागले की किल्ली काढून घेण्याचा अधिकार नागरिकाला नाही. देशभरातल्या अपघातांत परदेशी परवानाधारकांचा वाटा लहानच होता, पण पर्यटकांची गर्दी असलेल्या डोंगराळ भागात तो डोळ्यांत भरत होता. तिथे एकेरी पूल पुष्कळ आहेत. पुलाआधीच्या फलकावर आपल्या दिशेचा बाण लाल आणि लहान असेल तर थांबायचे असते. हा फलक तिथल्या मुलाला सहज वाचता येतो, नव्या पाहुण्याला मात्र तो कोणीतरी समजावून द्यावा लागतो.

मराठी कुटुंबे अमेरिकेत जातात तेव्हा त्यांची पहिली अडचण डावी-उजवी बाजू ही असते आणि ती आठवड्याभरात सुटते. खरी परीक्षा पुढे असते. चारही बाजूंनी थांब्याचा फलक असलेल्या चौकात प्रत्येकाने पूर्ण थांबायचे आणि जो आधी आला त्याने आधी जायचे, हा तिथला शिरस्ता. आपल्याकडे ज्याच्या गाडीचे नाक पुढे त्याचा हक्क मानला जातो. त्या सवयीने कोणी पुढे सरकला तर बाकी तिघांना तो रांग मोडणारा वाटतो. पिवळी स्कूलबस लाल दिवे लावून थांबली, की दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनीही थांबावेच लागते. तिला ओलांडणारा तिथे सर्वांच्या रोषाला पात्र ठरतो.

याहून गंभीर फरक पोलिसांशी वागण्यातला आहे. इथे पोलिसाने हात केला की चालक गाडी बाजूला घेतो, खाली उतरतो आणि कागदपत्रे घेऊन साहेबांपाशी जातो. बसून राहणे उद्धटपणाचे दिसते. अमेरिकेत नेमके उलट असते. तिथे गाडीतच बसायचे, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे आणि सांगितल्याशिवाय खिशात हात घालायचा नाही. उतरून चालत येणारा माणूस तिथल्या पोलिसाला धोका वाटतो. दुसऱ्या चालकाला जाब विचारायला उतरणे तर त्याहून वाईट, कारण समोरच्याच्या गाडीत पिस्तूल असू शकते.

जर्मनीत शब्दाने किंवा हातवाऱ्याने अपमान करणे हाच गुन्हा आहे आणि दंड उत्पन्नाच्या प्रमाणात ठरतो. संयुक्त अरब अमिरातीत रागाच्या भरात केलेल्या अश्लील खुणेवरून खटला होतो आणि परदेशी कामगाराला देश सोडण्याची वेळ येऊ शकते. पुढच्या गाडीला खेटून चालवले तर ४०० दिरहम दंड आणि परवान्यावर ४ काळे गुण पडतात. जपान आपल्यासारखाच डाव्या बाजूने चालणारा देश. तिथे वाट देणाऱ्याचे आभार मानायला चारही इंडिकेटर क्षणभर चमकवतात. भारतात चारही इंडिकेटर लागले तर पुढची गाडी बंद पडली असे वाटते.

उलट दिशेने, भारतात येणारा परदेशी पाहुणा क्वचितच स्वतः गाडी चालवतो. तो चालकासह गाडी घेतो, आणि हा शहाणपणाचा मार्ग आहे. २०२२ मध्ये या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. एवढ्या मोठ्या मृत्युसंख्येपुढे 'आमच्याकडे असेच चालते' हे उत्तर पाहुण्याला देता येत नाही आणि घरच्यालाही देता येत नाही.

भारतात रस्त्यावरच्या मारामारीसाठी वेगळा कायदा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतली नेहमीची कलमे तिथे लागतात: बेदरकार चालवण्यासाठी २८१, दुखापतीसाठी ११५, वाट अडवण्यासाठी १२६. एसटीच्या चालक-वाहकावर हात टाकला तर सरकारी कामात बळाचा वापर केल्याचे १३२ वे कलम येते. क्षणाचा राग किती काळ मागे लागतो, हे नवज्योतसिंग सिद्धू यांच्या खटल्यात दिसले. पतियाळात डिसेंबर १९८८ मध्ये गाडीवरून झालेल्या हाणामारीत एका वृद्धाचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने एक वर्षाची शिक्षा सुनावली ती मे २०२२ मध्ये.

परदेशी जाणाऱ्याला परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मिळतो. १९४९ च्या जिनिव्हा करारावर आधारलेला हा परवाना एक वर्ष चालतो. त्याने फक्त गाडी चालवण्याचा हक्क सिद्ध होतो, त्या देशाची रीत कळत नाही. म्हणून तिथे गेल्यावर निदान पहिले काही दिवस एखाद्या जुन्या रहिवाशाशेजारी बसून रस्ता पाहावा आणि त्या देशाची वाहतूक पुस्तिका वाचूनच स्टिअरिंग हाती घ्यावे. घरच्या रस्त्यावर बाहेरची पाटी अडखळताना दिसली तर तिला वाट द्यावी. वाद वाढतोच आहे असे वाटले तर काच वर करून, दारे बंद ठेवून, गर्दीच्या ठिकाणी किंवा पोलीस ठाण्यापाशी गाडी न्यावी आणि ११२ ला फोन करावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांकही चालतो.