कोरड्या सालचें बियाणें कणखर होतें काय?

सन २०२३ च्या ऑगस्ट महिन्यांत देशांत जितका कमी पाऊस पडला, तितका कमी १९०१ पासूनच्या नोंदींत कोणत्याहि ऑगस्टांत पडलेला नाहीं. वऱ्हाडांत त्या वेळीं सोयाबीन फुलोऱ्यांत व शेंगा धरण्याच्या बेतांत होतें. शेंगा धरल्या त्या चपट्या, व दाणा भरला तो बारीक. पुढील उन्हाळ्यांत आमचे एक स्नेही, अकोल्याकडील कास्तकार, राजापेठेंत आमच्या घरीं आले व पिशवींतून असलेच मूठभर दाणे काढून त्यांनीं आमच्यापुढें ठेविले. म्हणाले, "भाऊ, ज्या झाडानं तहान सोसली, त्याचं लेकरू तहान सोसणारच ना! मग हेच कां पेरूं नये?" बाजारच्या पिशव्यांचा खर्च वांचावा हा हेतु त्यामागें होता, व तो वावगा नव्हता.

हा समज आमच्या भागांत जुना आहे. महसूल खात्याच्या चाकरींत आम्हीं वर्षानुवर्षें पैसेवारीचे तक्ते भरले. कोणत्या गांवचें पीक पन्नास पैशांच्या आंत आलें हें त्यांत स्पष्ट दिसे; परंतु एकाच धुऱ्याच्या अलीकडचें वावर तगलें व पलीकडचें करपलें, तर तगलेल्याचें बियाणें कोठचें होतें, हें लिहिण्यास तक्त्यांत रकाना नव्हता. तेव्हां या प्रश्नाचा शोध आम्हांस नोकरी संपल्यावर पुस्तकांतूनच घ्यावा लागला.

पाणी तुटलें म्हणजे झाडांत ॲब्सिसिक आम्ल नांवाचें द्रव्य वाढतें. त्याच्या योगानें पानांवरील सूक्ष्म छिद्रें मिटतात व ओल बाहेर जाणें कमी होतें. एकदां अशी ओढ सोसलेलें झाड दुसऱ्या ओढीच्या वेळीं अधिक लवकर सावध होतें, असें प्रयोगांत दिसून आलें आहे. हें झालें त्याच झाडाविषयीं. ही सावधगिरी दाण्यांत उतरते काय, हा खरा वादाचा मुद्दा; आणि येथें तीन निरनिराळ्या गोष्टी आपण एकाच नांवानें ओळखतों, म्हणून घोटाळा होतो.

पहिली गोष्ट निवडीची. जुन्या गांवरान वाणाच्या शेतांत सर्व झाडें सारखीं नसतात. दुष्काळांत नाजूक झाडें मरतात, चिवट उरतात, व उरलेल्यांचेंच बियाणें घरांत येतें. झाड कांहीं शिकलें असें यांत मुळींच नाहीं. चाळणी लागली एवढेंच. सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ येथें १९३० नंतरच्या दशकांत मालदांडी या गांवरान ज्वारींतून एम ३५-१ हें वाण निवडून काढलें गेलें. कोरडवाहू रब्बींत तें आजहि पेरलें जातें. निवडीचें सामर्थ्य एवढें मोठें आहे. परंतु चाळण्यास मुळांत भेद असावा लागतो. डेन्मार्कचे योहान्सेन यांनीं घेवड्यावर केलेले प्रयोग १९०३ सालीं प्रसिद्ध झाले. एकाच झाडाच्या वंशांतील मोठे दाणे निराळे व लहान दाणे निराळे पेरून पाहिले, तों दोहोंच्या संततीच्या दाण्यांची सरासरी सारखीच आली. आमच्या स्नेह्यांचें सोयाबीन याच जातीचें: आपल्याच परागानें फळणारें, शुद्ध वंशाचें. त्यांत दुष्काळानें निवडावें असें फारसें कांहीं उरत नाहीं. (संकरित कपाशीचा तर येथें विचारच नको, तिची सरकी पुन्हां पेरल्यास झाडें नाना तऱ्हेचीं निघतात.)

दुसरी गोष्ट आईच्या शिदोरीची. दाणा भरतांना ओल तुटली तर त्यांत अन्नसांठा कमी पडतो, आणि असा दाणा उगवलाच तर रोप अशक्त निघतें. हा वारसा उलट्या दिशेचा आहे, हें आमचे कृषिबंधु विसरतात.

तिसरी गोष्ट मात्र खरोखर स्मरणाची आहे. पेशींतील डीएनएवर मिथिल नांवाच्या लहान रासायनिक खुणा बसतात. मूळ अक्षरें बदलत नाहींत, पण कोणतें वाचावें व कोणतें मिटून ठेवावें हें त्या खुणांनीं ठरतें. अमेरिकेंत सोनिया सुलतान व त्यांचे सहकारी यांनीं पर्सिकारिया नांवाच्या तणावर प्रयोग केले. कोरड्या मातींत वाढलेल्या झाडांच्या रोपांनीं कोरड्या मातींत मुळें अधिक पसरविलीं. औषधानें त्या खुणा पुसल्या तेव्हां हा लाभ नाहींसा झाला. चीनमध्यें भाताला सलग ११ पिढ्या पाण्याची ओढ देऊन पाहिली, तेव्हां कांहीं खुणांत बदल होऊन ते पुढें उतरलेले आढळले. उलटपक्षीं ॲराबिडोप्सिस या प्रयोगशाळेंतील रोपट्यावर २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या कामांत, पिढ्यानुपिढ्या ओढ देऊनहि खुणा जवळजवळ जशाच्या तशा राहिल्या. शिवाय जेथें असें स्मरण आढळतें, तेथेंहि पाणी मिळूं लागल्यावर एकदोन पिढ्यांत तें बहुधा विरतें. रशियांत लायसेंको यांच्या, कमावलेला गुण वंशांत उतरतो या मताला १९४८ सालीं सरकारी मान्यता मिळाली, आणि त्यांच्या विरोधांतील थोर बीजशास्त्रज्ञ वाव्हिलोव्ह त्याआधींच, १९४३ त, तुरुंगांत वारले होते. म्हणून या विषयांत आशेपेक्षां मोजणी बरी, असें आम्हांस वाटतें.

स्नेह्यांस आम्हीं तेंच सांगितलें. स्मरणाचा लाभ झाला तर थोडा व अनिश्चित; शिदोरीचा तोटा मात्र डोळ्यांना दिसतो आहे. न निवडतां शंभर दाणे घ्या, ओल्या गोणपाटांत ओळीनें मांडून गुंडाळी करा, सावलींत ठेवा, ओल मोडूं देऊं नका, व आठवड्यानें चांगले कोंब मोजा. सोयाबीनला उगवणीचें सरकारी प्रमाण शेंकडा ७० आहे. त्यांचे कोंब भरले ५२. त्यांच्या शेजाऱ्यानें त्याच वाणाला विहिरीचें एक पाणी दिलें होतें. त्याचे भरले ८४. आपले दाणे बाजारांत घालून त्यांनीं शेजाऱ्याकडूनच बियाणें घेतलें.

तुरीविषयीं मात्र आमचा सल्ला उलट पडला. त्यांच्या धुऱ्यावर जुनी गांवरान तूर आहे. तिच्या फुलांवर मधमाशा फिरतात, पराग मिसळतो, झाडाझाडांत भेद राहतो. त्या कोरड्या सालींहि आठदहा झाडें शेंगांनीं लवलीं होतीं, आणि त्यांचे टपोरे दाणे त्यांच्या कुटुंबानें सहज म्हणून निराळ्या डब्यांत ठेविले होते. ते दाणे डाळीस घालूं नका, असें आम्हीं त्यांना निक्षून सांगितलें. मृगांत दोन तासें त्यांचीं व दोन तासें नेहमींच्या तुरीचीं शेजारीं शेजारीं पेरून, दोन्हींचें माप निराळें ठेवावयाचें ठरलें.