विश्लेषण : नाकाबंदीत यंत्राने आकडा दाखवला, पुढे काय?

शनिवारी रात्री पश्चिम द्रुतगती मार्गावर अंधेरी-बोरिवलीला किंवा पूर्व द्रुतगती मार्गावर घाटकोपर-मुलुंडला नाकाबंदी लागली, की संशय आलेल्या चालकाला यंत्रात फुंकर मारायला सांगितले जाते. आकडा मर्यादेपलीकडे गेला, की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘साहेब, दंड किती?’ गोंधळ इथूनच सुरू होतो.

चलान भरून सुटका होते का?

नाही. सिग्नल तोडल्याचे चलान मोबाइलवर भरून मोकळे होता येते. दारू पिऊन गाडी चालवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खालचा गुन्हा मात्र तडजोडीने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. प्रकरण न्यायालयातच जाते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. रस्त्यावर कोणी ‘इथेच मिटवू’ म्हणाले, तर ती लाच झाली, आणि ती देणेही गुन्हाच आहे.

मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्याची. ‘दोनच पेग घेतले’ हा बचाव कामाचा नाही, कारण कायदा पेग मोजत नाही.

अटक होते का?

होऊ शकते, तीही वॉरंटशिवाय. पण फक्त कलम १८५ असेल तर गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे जामीन ही पोलिसांची मेहेरबानी नसून आरोपीचा हक्क आहे. अटकेचे कारण सांगणे आणि घरच्यांना कळवणे पोलिसांना बंधनकारक आहे. अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर कोठडीतून सोडावे लागते. त्याने गुन्हा आपोआप रद्द होतो, असे मात्र कायदा म्हणत नाही.

यंत्रात फुंकायलाच नकार देण्याचा सल्ला मित्रमंडळीत हमखास मिळतो. तो महागात पडतो. दारूचा संशय असताना नकार देणाऱ्यालाही अटक करता येते, आणि सबळ कारणाशिवाय दिलेला नकार न्यायालयात त्याच्याच विरोधात धरला जाऊ शकतो.

रक्ताच्या नमुन्याला इतके महत्त्व का?

याचे उत्तर वांद्र्यातल्या दोन खटल्यांत सापडते. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर मोटार गेली. सात जण ठार, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के मद्य आढळले, म्हणजे मर्यादेच्या जवळपास चौपट. प्रकरण कलम १८५ वर थांबले नाही. सदोष मनुष्यवधासाठी उच्च न्यायालयाने दिलेली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०१२ रोजी कायम केली.

त्याआधी २८ सप्टेंबर २००२ रोजी हिल रोडवर अभिनेता सलमान खानची मोटार बेकरीबाहेर झोपलेल्यांवर गेली आणि एकाचा मृत्यू झाला. रक्ताच्या अहवालात मद्याचे प्रमाण ६२ मिलिग्रॅम होते. २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली. त्याच वर्षी १० डिसेंबरला उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. तो दारू प्यायला होता आणि तोच गाडी चालवत होता, हे संशयापलीकडे सिद्ध झाले नाही, असे न्यायालय म्हणाले. नमुना घेतल्यापासून कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो नीट जपला गेला का, हाच तिथे कळीचा प्रश्न ठरला. राज्य सरकारने या निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले.

म्हणून नमुना किती वाजता, कोणत्या डॉक्टरांनी घेतला, सील कसे लावले, या नोंदी आरोपी आणि पीडित, दोघांसाठी महत्त्वाच्या. २०२४ च्या पुण्यातील पोर्श अपघातात नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली होती.

परवाना आणि विम्याचे काय?

परवाना पोलीस जप्त करून परिवहन विभागाकडे पाठवू शकतात. अशा प्रकरणांत तो किमान तीन महिने निलंबित करा, असे सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच सांगितले आहे. पोट ज्यांचे स्टीअरिंगवर चालते, त्या रिक्षा-टॅक्सीचालकांना दंडापेक्षा हेच जड जाते.

विम्याचा फटका अनेकांना दावा फेटाळला गेल्यावरच कळतो. चालक नशेत असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई विमा कंपनी नाकारू शकते. चाचणीच झाली नसेल तरी इतर पुराव्यांवरून कंपनी नशा सिद्ध करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिल्लीतील एका अपघाताच्या प्रकरणात स्पष्ट केले. तीही पोर्शच होती.

आणि शेजारी बसलेला मित्र? नशेत गाडी चालवायला चिथावणी किंवा मदत केल्याचे सिद्ध झाले, तर कलम १८८ नुसार त्यालाही चालकाइतकीच शिक्षा होऊ शकते. झिंगलेल्या मित्राच्या हाती स्वतःच्या गाडीची किल्ली देणाराही या कलमाच्या कचाट्यात येऊ शकतो.