जमिनीला पेलेल तेवढंच खत

ब्रिटनी हा फ्रान्सचा अटलांटिक महासागरात शिरलेला पश्चिमेकडचा प्रांत. देशाच्या शेतजमिनीपैकी सुमारे 6 टक्केच जमीन इथे आहे, पण देशातली निम्म्याहून अधिक डुकरं इथेच पोसली जातात. शिवाय कोंबड्या आणि दुभत्या गाई आहेतच. इथल्या काही उथळ किनाऱ्यांवर दर उन्हाळ्यात हिरव्या शेवाळाचे थर साचतात. हे शेवाळ वरून सुकतं आणि आत कुजत राहतं. त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो आणि पापुद्र्याखाली कोंडून राहतो. पाय पडला की तो एकदम बाहेर येतो. जुलै 2009 मध्ये सें-मिशेल-आं-ग्रेव्हच्या किनाऱ्यावर एक घोडा त्यामुळे मेला. स्वार बेशुद्ध झाला, पण वाचला. 2011 मध्ये गुएसां नदीच्या मुखाशी 36 रानडुकरं मरून पडली.

शेवाळाला खाद्य मिळतं जमिनीवरून. गोठ्यातली विष्ठा, मूत्र आणि धुण्याचं पाणी यांचा रेंदा शेतात पसरला जातो. मातीतले जिवाणू त्यातल्या अमोनियाचं नायट्रेट करतात. पिकाने उचललं तितकं नायट्रेट कामी आलं. उरलेलं मातीच्या कणांना धरून राहत नाही, हिवाळी पावसाबरोबर झिरपून भूजलात आणि तिथून ओढ्या-नद्यांत जातं. पूर्वी शेतांच्या बांधांवर झाडाझुडपांची दाट कुंपणं होती, ती पाणी अडवत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमिनींचं एकत्रीकरण करताना ती मोठ्या प्रमाणावर काढून टाकली गेली.

शेणखताने जमीन सुधारते हे आपल्याकडे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, आणि ते खरंच आहे. म्हणूनच पहिला आक्षेप हा येतो की नैसर्गिक खताने पाणी कसं बिघडेल? पण ज्या शेतातला चारा जनावराने खाल्ला त्याच शेतात शेण परत गेलं, तर नत्राचा (नायट्रोजनचा) फेरा पूर्ण होतो. ब्रिटनीत डुकरं खातात त्या सोयाबीनपैकी बरंच ब्राझीलमधून जहाजाने येतं. त्यातला नत्र ब्राझीलला परत जात नाही, ब्रिटनीच्या मातीत साचतो. दोष शेणाचा नाही, जमिनीच्या मानाने जनावरं फार झाल्याचा आहे.

दोष शहरांच्या सांडपाण्यातल्या फॉस्फेटचा आहे, असंही सांगितलं जाई. पण समुद्रतळाच्या गाळात फॉस्फरस आधीच पुरेसा असतो. शेवाळाची वाढ अडते ती नत्रावाचून, आणि या नद्यांतला बहुतेक नत्र शेतीतून येतो. त्यात रासायनिक खताचाही वाटा आहे, हे मान्य करायलाच हवं. मात्र जिथे रेंदाच गरजेपेक्षा जास्त आहे, तिथे वर आणखी पोती ओतण्याचं समर्थन कसं करणार?

युरोपीय आर्थिक समुदायाने (आजच्या युरोपीय संघाने) 1991 मध्ये नायट्रेटविषयक कायदा केला. नायट्रेट-प्रदूषणाचा धोका असलेल्या भागांत जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला 170 किलो नत्राची मर्यादा आली. त्याचा उपयोग झाला नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. नव्वदच्या दशकात ब्रिटनीच्या नद्यांत लिटरमागे 50 मिलिग्रॅमपर्यंत चढलेलं नायट्रेट पुढे 30 ते 35 वर उतरलं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा 50 आहे, त्यामुळे कागदावर काम झालंसं दिसतं. शेवाळ मात्र त्या आकड्यावर थांबत नाही. ते खरोखर आटोक्यात येण्यासाठी नायट्रेट 10 च्या आसपास उतरावं लागेल, असं समुद्र-अभ्यासक सांगत आले आहेत.

रेंदा शुद्ध करणाऱ्या यंत्रणा बऱ्याच ठिकाणी बसल्या. त्या नत्राचा काही भाग हवेत सोडून देतात, पण फॉस्फरस उरतो आणि खर्च पशुपालकाच्या डोक्यावर बसतो. त्याच्यावर आधीच कर्ज असतं, आणि मांसाचा भाव तो ठरवत नाही. जनावरं कमी करा, कुरणं वाढवा, असं त्याला एकट्याला सांगणं म्हणजे त्याला बुडवणं आहे. सरकार, सहकारी संघ आणि खाद्य-कंपन्या यांनी मिळून हा धंदा साठ वर्षांत वाढवला. तो आवरण्याचा खर्चही त्यांनीच उचलायला हवा, आणि लवकर, कारण आज जमिनीत मुरलेलं नायट्रेट भूजलातून नदीत यायला कित्येक वर्षं लागतात.