आंबिया फुटतो कसा, फसतो कुठे
ऋतू आणि रान : लेखांक ९

वरुड-मोर्शीकडच्या संत्राउत्पादकाला जानेवारीत बाग हिरवीगार दिसली की काळजी लागते. त्याला पानं मलूल, जराशी पिवळी, थोडी गळालेली हवी असतात. झाड ‘ताणावर’ आल्याची ती खूण. मागच्या लेखांकात हिवाळी पाऊस येतो कुठून ते पाहिलं. तो पाऊस आणि फेब्रुवारीचं ऊन झाडाच्या आत काय करतात, हा आजचा विषय.

संत्रा वर्षातून तीनदा फुलू पाहतो : जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया, जून-जुलैत मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त. तिन्ही बहार घेतले तर झाड खंगतं, म्हणून एकच धरायचा. आंबियाचा फायदा असा की निम्मं काम थंडीच करून देते. डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडायचं. हलक्या जमिनीत महिना-दीड महिना, भारी काळीत दोन महिन्यांपर्यंत. खाली ओल नाही, वर गारठा, त्यामुळे शेंडा थांबतो. पानं मात्र अन्न तयार करत राहतात, आणि ते वाढीत खर्च न होता फांद्यांत साठतं. मग खत, पहिलं हलकं पाणी, पुढे भरपूर पाणी आणि सावकाश तापणारी हवा मिळाली की त्या साठ्यावर फूल निघतं. साठा कमी पडला की फुलाऐवजी नुसती नवती.

सगळा खेळ या क्रमाचा आहे. हंगामाची सरासरी ठीक असूनही बहार फसतो, तो क्रम मोडल्यामुळे. ऐन ताणात एक अवकाळी सर आली की भारी जमीन ती आठवडेच्या आठवडे धरून ठेवते आणि ताण तुटतो. काही फांद्या फुलतात, काहींवर पालवी येते. एकाच झाडावर वेगवेगळ्या वयाची फळं लागतात. ढगाळ हवेत त्या कोवळ्या नवतीवर सिट्रस सिला ही कीड तुटून पडते, हा वरचा भुर्दंड.

उलट टोक म्हणजे घाईची उष्णता. भारतातल्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२३चा फेब्रुवारी सरासरी कमाल तापमानात सर्वांत उष्ण ठरला होता. असं ऊन आलं की फूल आणि बोराएवढं फळ यांच्यामधली नाजूक अवस्था तापत्या, कोरड्या हवेत सापडते. शंभर फुलांतली मोजकीच फळापर्यंत पोचतात, हा निसर्गाचाच हिशेब. पण पान पाणी उडवतं त्या वेगानं मूळ ते देऊ शकलं नाही की झाड उरलेलीही टाकतं. गळ म्हणतात ती ही. औषधाच्या बाटल्यांआधी आळ्यातली ओल आणि आच्छादन पाहावं, असं माझं मत. वरुडकडे बोअर किती खोल गेल्यात हे ठाऊक असूनही मी हे म्हणतो आहे.

आणि गार. फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिमी झंझावाताबरोबर वरच्या थरात थंड, कोरडी हवा येते. खालून बंगालच्या उपसागराचं बाष्प येतं. मध्ये जमीन तापलेली असते. विदर्भ नेमका या गाठीवर आहे. ११ फेब्रुवारी २०१८ ला अमरावती, अकोला, बुलढाण्यात गारांनी संत्र्याबरोबर सोंगणीला आलेला हरभराही झोडपला. गारेचा घाव फळापुरता थांबत नाही. फांदीची साल फाटते, तिथून बुरशी शिरते आणि पुढच्या बहारालाही झळ बसते.

गव्हाचं थोडक्यात : कपाशी उपटून उशिरा पेरलेला गहू चिकात असताना ऊन चढलं की दाणा भरायच्या आतच पिकतो, बारीक राहतो. लवकर पेरलेला हरभरा त्यातून सुटतो, पण तो घाट्यांवर असताना गार आली तर सुटका नाही.

हवामानावर आधारित फळपीक विम्यात धोके सुटे मोजले जातात. ठरलेल्या काळात अवेळी पाऊस इतका, तापमान इतके दिवस इतकं, तेही महसूल मंडळातल्या केंद्रावरून. गारपिटीचं संरक्षण वेगळा हप्ता भरून. तुटलेला ताण, मग घाईचं ऊन, मग गळ, ही साखळी त्या तक्त्यात बसत नाही. आकड्याच्या जरा अलीकडे थांबलेला पाऊसही ताण मोडायला पुरतो, भरपाईला पुरत नाही. हे आकडे ठरतात कसे, ते पुढच्या आठवड्यात.